कुजलेल्या खांबांची साक्ष

अमेरिकेच्या दक्षिणेतील मळा म्हटला की चित्रपटांमुळे पांढऱ्या खांबांची भव्य हवेली डोळ्यांसमोर येते. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधील सतराव्या शतकातील तंबाखूच्या मळ्यांना हे चित्र लागू पडत नाही. तेथे बहुतेक मालकही लहान लाकडी घरांत राहत, आणि त्या घरांचे खांब पायाविना थेट जमिनीत पुरलेले असत. तंबाखू काही वर्षांतच जमिनीचा कस ओढून घेई. त्यामुळे पैसा इमारतींपेक्षा नव्या जमिनीत आणि राबणाऱ्या माणसांत, म्हणजे आधी मुख्यतः करारबद्ध इंग्रज नोकरांत व पुढे गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांत, गुंतवला जाई.

ही घरे जवळजवळ सगळी नाहीशी झाली, तरी त्यांचे आराखडे आज काढता येतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. जमिनीच्या वर लाकूड वाऱ्याने सुकते, खोल ओल्या मातीत प्राणवायू अपुरा पडतो. पृष्ठभागालगत मात्र दोन्ही मिळतात आणि खांब तेथेच आधी कुजतो. खांब रोवताना त्याच्याहून बराच मोठा खड्डा खणून, वरची काळपट आणि खालची पिवळसर माती मिसळूनच परत भरली जाई. पुढे पुरलेला भागही कुजला की त्याच्या जागी सेंद्रिय द्रव्याने काळवंडलेली माती साचते. म्हणून नांगरटीखालचा थर खरवडला की ठिपकेदार मातीच्या चौकोनात एक गडद डाग दिसतो: चौकोन खड्ड्याचा, डाग खांबाचा. एका खड्ड्याने दुसऱ्याला छेद दिला असेल, तर छेद देणारा खड्डा नंतरचा, म्हणजे बहुधा दुरुस्तीचा.

जुन्या मळ्यांवर पर्यटकांना भुतांच्या कथा विकल्या जातात. तेथे राबलेल्या माणसांविषयी त्यांतून काहीही कळत नाही. त्यांचे जगणे कळते ते व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग शहराजवळील किंग्जमिलसारख्या ठिकाणी, गुलामांच्या खोल्यांच्या जमिनीखाली सापडलेल्या साठवणीच्या खड्ड्यांतून. यांतील अनेक खड्डे चुलाण्यासमोर असत. रताळ्यांना सुमारे १० अंश सेल्सियसखालील थंडी बाधते, त्यामुळे हिवाळ्यात ती चुलीजवळच्या उबदार, कोरड्या मातीत टिकत. इतर खड्ड्यांत बटणे, मणी, अवजारांचे तुकडे आणि माशांची व रानटी प्राण्यांची हाडे मिळाली आहेत. मालकांच्या वह्यांत या माणसांची नोंद बहुधा नाव आणि किंमत एवढीच आहे. दिवसभराच्या कामानंतर त्यांनी मासे धरले, शिकार केली आणि स्वतःच्या वस्तू जपून ठेवल्या, हे या खड्ड्यांवरून कळते.