कालगाठ आणि पुनरावर्ती काळ (दूरचित्रवाणी मालिकांतील)

भविष्यातून भूतकाळात गेलेली व्यक्ती, वस्तू किंवा माहिती आपल्याच उगमाचे कारण ठरते, अशा कथारचनेला येथे कालगाठ म्हटले आहे. तोच दिवस किंवा तोच घटनाक्रम पुन:पुन्हा वाट्याला येणे म्हणजे पुनरावर्ती काळ. कालप्रवासावरील मालिका पाहताना या दोन कल्पनांची सरमिसळ होते आणि प्रेक्षकाचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘डार्क’ या जर्मन मालिकेत दोन्ही कल्पना एकाच कथानकात गुंफल्या असल्याने या नोंदीत तीच मुख्य आधाराला घेतली आहे. स्पष्टीकरणासाठी घेतलेली उदाहरणे नाशिक परिसरातली आहेत. मालिकेचा शेवटही पुढे सांगितला आहे, कारण तो वगळून या विषयावर फारसे काही म्हणता येत नाही.

नाशिककराला पुनरावृत्ती म्हणजे काय ते वेगळे समजावून द्यावे लागत नाही. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीकाठी सिंहस्थ भरतो. २००३ साली भरला, २०१५ साली भरला आणि पुढचा २०२६-२७ मधला. पण २०१५चा सिंहस्थ म्हणजे २००३चाच सिंहस्थ नव्हे. आखाडे तेच, रामकुंड आणि त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त तेच. माणसे मात्र बारा वर्षांनी मोठी झालेली आणि काही कायमची गेलेली. शिवाय हे चक्र अगदी काटेकोरही नाही. गुरूची सूर्याभोवतीची प्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांची असल्यामुळे अधूनमधून बारा वर्षांऐवजी अकरा वर्षांनीच सिंहस्थ येतो. १९८०नंतरचा १९९१ साली आला होता. थोडक्यात, चक्र फिरते तेव्हा त्याच्या बाहेर एक सरळ मोजणी चालू असते आणि तिच्यामुळेच ‘मागच्या वेळी’ आणि ‘या वेळी’ असे बोलता येते.

कालगाठीत ही बाहेरची मोजणी नसते. समजा, पांडवलेण्यांतल्या एखाद्या लेण्यातून बरोबर बारा वर्षे मागे नेणारी वाट निघाली आणि २०२७ मधला एक माणूस २०१५च्या सिंहस्थात उतरला. २०१५ हे साल दोनदा घडत नाही. ते एकदाच घडते आणि त्या एकाच घडण्यात हा पाहुणा पहिल्यापासून हजर असतो. त्या वर्षी काढलेल्या गर्दीच्या छायाचित्रात त्याचा चेहरा असेल, तर तो त्याच्या लहानपणीही त्या छायाचित्रात होताच. गाठ स्वतःला येऊन मिळते, पण ती पुन्हा घडत नाही. हा भेद ध्यानात राहिला की पुढचे बरेच काही सोपे जाते.

‘डार्क’ ही नेटफ्लिक्सची पहिली जर्मन मूळ मालिका. बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझ हे तिचे निर्माते. पहिला सीझन १ डिसेंबर २०१७ रोजी आला, दुसरा २१ जून २०१९ रोजी आणि तिसरा २७ जून २०२० रोजी. तिन्ही मिळून २६ भाग. कथेत जग उद्ध्वस्त करणाऱ्या महासंहाराची तारीखही २७ जून २०२० हीच आहे. टाळेबंदीत घरी बसलेल्या प्रेक्षकांपुढे ती त्याच दिवशी येऊन उभी राहिली. कथा विंडेन या काल्पनिक गावातली. तिथे अणुवीजकेंद्र आहे, जंगल आहे आणि जंगलातल्या गुहेत ३३ वर्षांचे अंतर जोडणारा मार्ग आहे. २०१९, १९८६ आणि १९५३ ही साले त्या मार्गाने एकमेकांना जोडली जातात.

तेहतीसचा आकडा उगीच निवडलेला नाही. ३३ सौर वर्षे आणि ३४ चांद्र वर्षे यांत जेमतेम साडेचार दिवसांचा फरक पडतो. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून हा हिशेब वेळच्या वेळी मिटवला जातो, म्हणून चैत्र कधी पावसाळ्यात येत नाही. हिजरी कालगणनेत अधिक महिना नसल्याने रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. जुन्या नाशकातल्या म्हाताऱ्या माणसांनी उन्हाळ्यातले रोजे आणि थंडीतले रोजे असे दोन्ही अनुभवलेले असतात. मालिकेने हे खरे गणित घेतले आणि त्यावर खोटी गुहा रचली.

कालप्रवासातील सर्वांत परिचित विरोधाभास आजोबांचा. भूतकाळात जाऊन नातवाने आजोबांना त्यांच्या लग्नाआधीच मारले, तर नातू जन्मलाच नाही. मग मारले कोणी? फ्रेंच लेखक रने बार्झावेल यांनी १९४३च्या कादंबरीत हा पेच मांडला. त्यावर भौतिकशास्त्रात दिले जाणारे एक उत्तर म्हणजे रशियन शास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांचे आत्मसुसंगतीचे तत्त्व: भूतकाळात जाता आले तरी जे घडले त्याच्याशी विसंगत असे काहीही तिथे करता येणार नाही. १९६९ साली गोदावरीला आलेल्या महापुराचे उदाहरण घेऊ. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढले, यावरून नाशिककर आजही पूर मोजतात. समजा, कोणी आजचा माणूस त्या दिवसाच्या आदल्या रात्री जाऊन काठावरच्या एका कुटुंबाला हलवू पाहतो. तत्त्व असे सांगते की ते कुटुंब वाचल्याची नोंद आधीपासून असेल तरच तो त्यांना वाचवू शकेल. नसेल, तर त्याची सायकल पंक्चर होईल, दार उघडले जाणार नाही, किंवा त्याने सुचवलेली जागाच पाण्याखाली जाईल.

शेवटची शक्यता सर्वांत कठोर आहे आणि ‘डार्क’ तिच्यावरच उभी आहे. उलरिखचा मुलगा नाहीसा होतो. हेल्गे नावाचा म्हातारा अपहरणात सामील आहे असे कळल्यावर उलरिख १९५३ मध्ये पोहोचतो आणि लहानग्या हेल्गेला दगडाने ठेचतो. हेल्गे मरत नाही. कान आणि चेहरा विद्रूप होऊन जगतो, आणि त्याला पुढे त्या वाटेला नेणाऱ्या घटनांत हा आघातही जमा होतो. १९९१ मध्ये किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमिविवरातून (अवकाश-काळातली दोन ठिकाणे जोडणाऱ्या कल्पित बोगद्यातून) परत येऊन स्वतःलाच धडकणाऱ्या बिलियर्डच्या चेंडूचे गणित मांडले, तेव्हा त्यांना असाच उलगडा सापडला. परत आलेला चेंडू स्वतःला मार्गावरून पुरता उडवत नाही, ओझरता धक्का देतो, आणि त्या ओझरत्या धक्क्यामुळेच तो पुढे ओझरता धक्का देण्याइतका वळतो. उलरिखचा दगड हा तसा ओझरता धक्का आहे.

मालिकेचा तरुण नायक योनास याची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. वडिलांची, म्हणजे मिखाएलची आत्महत्या टाळायला तो आदल्या दिवशी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहतो आणि खिशातली त्यांची शेवटची चिठ्ठी दाखवतो. मिखाएलच्या मनात तोवर तो विचारही नसतो. आपण काय करणार आहोत हे त्याला मुलाकडून कळते. मिखाएल म्हणजे २०१९ मध्ये हरवून १९८६ मध्ये गेलेला लहान मिकेल. तो गेला नसता तर योनास जन्मलाच नसता. इथे एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते: विंडेनमधली गाठ यंत्राने बांधलेली नाही, मायेने बांधलेली आहे. जो तो आपल्या माणसाला वाचवायला धावतो आणि ते धावणेच गाठ घट्ट करते. ही जाण नसलेल्या कालप्रवासाच्या मालिका हुशार असतात, पण लक्षात राहत नाहीत.

दुसरा पेच उगमहीन वस्तूंचा. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८पासून नोटा छापल्या जातात. २०२७ मध्ये एखाद्याला घरच्या कपाटात शंभराची नोट मिळाली, ती घेऊन तो २०१५ मध्ये गेला आणि त्याच कपाटात ठेवून आला, तर ती नोट छापली कुठे? नाशिकरोडला नाही, कुठेच नाही. त्याहून अवघड प्रश्न तिच्या झिजण्याचा आहे. कपाटात बारा वर्षे राहून ती पिवळी पडली असेल, तर ठेवताना ती तितकीच पिवळी असायला हवी, म्हणजे शेवटी आणखी पिवळी, आणि हिशेब कधीच जुळत नाही. लॉसेव्ह आणि नोव्हिकोव्ह यांनी १९९२ मध्ये अशा वस्तूंचा विचार केला होता. वस्तूला प्रत्येक खेपेत बाहेरून ऊर्जा मिळून ती पूर्ववत झाली तरच ती टिकेल. माहितीला ही अडचण कमी, कारण मजकुराची नवी प्रत काढता येते. विंडेनचा घड्याळजी टानहाउस ज्या पुस्तकाचा लेखक मानला जातो ते त्याच्या हाती भविष्यातूनच येते.

माणूसच उगमहीन असेल तर? विंडेनमधल्या शार्लोटची मुलगी एलिझाबेथ, आणि एलिझाबेथची मुलगी शार्लोट. शार्लोटचे वडील नोआ, एलिझाबेथचे वडील पेटर. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण होते, हे त्यांतून सापडते. अशा वहीत शार्लोटच्या आईचे पान उघडले तर तिथे आईच्या जागी पुन्हा शार्लोटच. मायटोकाँड्रियातील डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे या दोघींमधला तो डीएनए जगात कुठूनही आलेला नाही, त्या कपाटातल्या नोटेसारखाच तो नुसता फिरत आहे.

बाकीच्या जनुकांचा हिशेब मालिकेत कोणी करत नाही, पण तो करून पाहण्यासारखा आहे. घटना एकदाच घडते असे धरले, तर लिंगसूत्रे वगळता शार्लोटच्या जनुकांपैकी सरासरी पाच-अष्टमांश नोआकडून, एक-चतुर्थांश पेटरकडून येतात आणि उरलेला एक-अष्टमांश भाग उगमहीन राहतो. उलट, घटनाक्रम पुन:पुन्हा घडतो आणि प्रत्येक खेपेला जनुकांची वाटणी नव्याने होते असे धरले, तर उगमहीन भाग विरत विरत जातो. शेवटी दोन-तृतीयांश नोआ आणि एक-तृतीयांश पेटर एवढेच उरते. म्हणजे विंडेनमध्ये एकदाच घडणारी गाठ आहे की फिरणारे चक्र, हे शार्लोटच्या रक्ताच्या एका थेंबावरून निदान तत्त्वतः ठरवता आले असते.

या कथांमागचे विज्ञान थोडक्यात असे. सापेक्षता सिद्धांताची समीकरणे भूतकाळात परतणाऱ्या वाटा सरसकट नाकारत नाहीत. कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये अशा वाटा असलेले फिरते विश्व गणिताने मांडले. १९८८ मध्ये मॉरिस, थॉर्न आणि युर्टसेव्हर यांनी कृमिविवराचे कालयंत्र कसे होऊ शकेल ते दाखवले. डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे विरोधाभास टाळण्याची रीत सुचवली. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये निसर्ग अशी यंत्रे बनूच देत नसावा, असे अनुमान मांडले. प्रयोगाने यांतले काहीच ठरलेले नाही.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत काळाची ही रूपे वेगवेगळी करून ठेवलेली दिसतात. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. क्षणभर थांबतो तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात आणि मनात धरलेला एकही वर उरत नाही. हा प्रवास फक्त पुढे जाणारा, त्यामुळे इथे विरोधाभास नाही. योगवासिष्ठातला भुशुंड कावळा सृष्टी पुन:पुन्हा होताना पाहतो, कधी तशीच तर कधी वेगळी. समोर बसलेल्या वसिष्ठांना तो सांगतो की तुमचा हा आठवा जन्म. हा बाहेर बसून मोजणारा साक्षी आहे आणि म्हणूनच ते चक्र आहे. तिसरे उदाहरण अध्यात्म रामायणातले. राम वनात एकटाच निघू पाहतो तेव्हा सीता म्हणते की ब्राह्मणांकडून पुष्कळ रामायणे ऐकली आहेत, सीतेवाचून राम वनात गेला असे एखाद्या तरी रामायणात आहे का, सांगा. कथेतले पात्र आपल्याच कथेचा दाखला देते, आणि त्या दाखल्यामुळे कथा तशीच घडते. पंचवटीत सीतागुंफेपुढे रांगेत उभे राहणाऱ्याला हा श्लोक जरूर आठवावा, कारण सीता तिथवर पोहोचते ती याच युक्तिवादाच्या बळावर.

‘डार्क’चा शेवट वादग्रस्त आहे. तिसऱ्या सीझनमध्ये कळते की योनासचे आणि त्याची प्रेयसी मार्था हिचे अशी दोन जगे आहेत आणि दोन्ही एका तिसऱ्या, मूळ जगातून फुटली आहेत. तिथल्या टानहाउसचा मुलगा, सून आणि नात मोटार अपघातात गेल्यावर त्याने १९८६ मध्ये यंत्र चालवले आणि जग दुभंगले. योनास आणि मार्था मूळ जगात जाऊन अपघात होऊ देत नाहीत. यंत्राची गरजच उरत नाही, आणि ती दोघेही विरून जातात. मग अपघात कोणी रोखला? आजोबांचा पेच जिथल्या तिथे परत येतो.

मालिकेने यासाठी एक फट ठेवली आहे: महासंहाराच्या क्षणी काळ थांबतो आणि तेवढ्यापुरता कार्यकारणभाव सुटतो. अणुवीजकेंद्राची एकेकाळची प्रमुख क्लाउडिया हिला ही फट सापडते. आपले हे बोलणे याआधी कधी झालेले नाही, असे ती आडामला, म्हणजे म्हाताऱ्या झालेल्या योनासला, सांगते. हे वाक्य निर्णायक आहे. एकदाच घडणाऱ्या गाठीत ‘याआधी’ म्हणण्याला अर्थच नाही. ते म्हणायला भुशुंडासारखी बाहेरून चाललेली मोजणी हवी. पहिले दोन सीझन नोव्हिकोव्हच्या नियमाने काटेकोर चालतात आणि तिसरा सीझन त्यांत गुपचूप दुसरा काळ आणून बसवतो. शेवट मान्य करायचा असेल तर हा दुसरा काळ मान्य करावा लागतो, आणि तसा तो मान्य केला की उलरिखचा दगड, मिखाएलची चिठ्ठी, शार्लोटचे पान यांपैकी कशालाच ‘हे अटळ होते’ असे म्हणता येत नाही.