विशाखापट्टणमचं बंदर आणि नागपूरचं मँगनीज

विशाखापट्टणमचं बंदर १९३३ साली सुरू झालं. ते बांधण्यामागे आपल्या मनसर-तुमसर-बालाघाट पट्ट्यातल्या मँगनीजचा मोठा वाटा होता. नागपूरच्या शाळांत हे आवर्जून शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मँगनीजचा दगड हातात घेऊन पाहा. काळाकुट्ट, बोटं काळी करणारा आणि तेवढ्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा चांगलाच जड. पोलादाला तो लागतो गंधकामुळे. लोखंडात थोडं गंधक राहतंच. लोखंड आणि गंधकाचं संयुग पोलादाच्या कणाकणांच्या सांध्यांत जाऊन बसतं. पोलाद तापवून लाटायला घेतलं की आधी हे संयुग वितळतं आणि पत्रा तडकतो. मँगनीज घातलं की गंधक त्याच्याशी जोडलं जातं. हे नवं संयुग तेवढ्या उष्णतेला वितळत नाही, सांधे शाबूत राहतात.

आपल्याकडच्या खाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाल्या. माल परदेशी जायचा, पण मुंबई किंवा कलकत्त्यावरून. इतक्या जड मालाचा नफा रेल्वेभाड्यातच जायचा. मग बंगाल नागपूर रेल्वेने रायपूरहून पूर्व घाट ओलांडून विशाखापट्टणमजवळच्या विजयनगरमपर्यंत लाइन टाकली आणि मध्य प्रांताला, म्हणजे नागपूर ज्यात होतं त्या तेव्हाच्या प्रांताला, समुद्र जवळ आला.

पूर्व किनारा सरळ, वाळूचा; जहाजाला आडोसा मिळणं कठीण. विशाखापट्टणमला मात्र डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर थेट समुद्रात घुसलेला आहे. त्याच्यामागच्या खाडीतली दलदल उपसून आतलं बंदर खोदलं. खरी झुंज होती वाळूशी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा किनाऱ्यावर तिरक्या आदळतात आणि वाळू उत्तरेकडे ढकलत नेतात. या वाळूने बंदराचं तोंडच बुजलं असतं. म्हणून दोन जुनी जहाजं मुद्दाम तिथे बुडवून बांध घातला. मला तर ही युक्ती आजही थक्क करते.

पुढे जहाजबांधणी, तेलशुद्धीकरण, छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं लोहखनिज, पोलाद कारखाना असं सगळं या बंदराभोवती जमत गेलं. मँगनीज काढणाऱ्या 'मॉइल' या सरकारी कंपनीचं मुख्यालय मात्र नागपुरातच आहे.

वाळूचं काम अजून संपलेलं नाही. बंदरापाशी अडलेली वाळू उत्तरेच्या किनाऱ्याला मिळत नाही, तिथली चौपाटी झिजते. म्हणून ती वाळू ड्रेजरने उपसून शहराच्या रामकृष्ण बीचवर टाकावी लागते.