पार्श्वभूमी : माटुंग्याच्या यूडीसीटीची घडण

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला, म्हणजे आयसीटीला, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तरी जुने विद्यार्थी आणि कारखानदार आजही तिला यूडीसीटीच (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणतात. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे तिचे आरंभीचे विषय गिरणगावाच्या गरजेतून आले होते. परळ-लालबागच्या गिरण्यांत कापड निघत होते, पण ते रंगवण्याचे कृत्रिम रंग प्रामुख्याने परदेशातून येत, आणि धुलाई, रंगाई, छपाई यांमागचे रसायनशास्त्र जाणणारी माणसे मोजकीच होती.

जागाही त्याला साजेशीच मिळाली. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्यात आली होती, आणि पुढच्याच वर्षी जवळच कापसाच्या तंतूंची परीक्षा करणारी प्रयोगशाळा, म्हणजे आजची सिरकॉट, उभी राहिली होती. यूडीसीटीचे आवार जेमतेम सोळा एकरांचे. पवईच्या आयआयटीपुढे ते अगदीच आटोपशीर वाटते.

पहिले प्रमुख रॉबर्ट फोर्स्टर यांच्यानंतर १९३८ मध्ये के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रात त्यांचा अधिकार जगन्मान्य होता. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून गेले आणि तिथे त्यांच्या जागी पुढे माटुंग्याचेच बा. द. टिळक आले. माटुंगा आणि पाषाण (पुण्याची ही प्रयोगशाळा तिथेच आहे) यांच्यातील ही ये-जा महाराष्ट्रातील रसायन संशोधनाचा खरा कणा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरचे पर्व मनमोहन शर्मा यांचे. केंब्रिजहून पीएच.डी. करून १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते इथे प्राध्यापक झाले. महागड्या उपकरणांची चैन परवडणारी नव्हती, त्यामुळे साध्या काचसामानात उत्तर देतील असे प्रश्न हाती घेणे शहाणपणाचे होते. असे एक साधन म्हणजे ढवळक असलेले काचपात्र : खाली द्रव, वर वायू, आणि पृष्ठभाग फुटणार नाही इतक्याच गतीने दोन्ही ढवळायचे. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ठाऊक असल्याने वायू किती वेगाने शोषला जातो यावरून अभिक्रियेचा वेग काढता येतो. मग तोच वेग वापरून, जिथे बुडबुड्यांचे क्षेत्रफळ डोळ्यांनी मोजणे अशक्य असते अशा कारखान्यातील मोठ्या स्तंभांत ते उलट गणिताने काढायचे. कारखान्याचा अभिकल्प करणाऱ्याला नेमका हाच आकडा हवा असतो. १९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तो मान मिळालेले ते पहिले भारतीय रासायनिक अभियंता. त्यांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर यांनीही पुढे पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेचे संचालकपद भूषवले.

दरम्यान गिरण्या बंद पडल्या, तरी संस्था त्यांच्यासोबत बुडाली नाही, कारण तोवर तिचा संबंध औषधे, रंग, तेले, पॉलिमर आणि खाद्यपदार्थ यांच्या कारखान्यांशी जुळलेला होता. प्राध्यापकांनी उद्योगांना सल्ला देणे आणि उद्योगांच्या देणग्यांतून अध्यासने उभी राहणे ही इथली रुळलेली वाट आहे. अशा जवळिकीत मूलभूत प्रश्न मागे पडण्याचा धोका असतो, पण शर्मांच्या काळात तो बऱ्याच अंशी टळला.

२०१८ पासून संस्थेची आवारे जालना आणि भुवनेश्वर येथेही सुरू झाली. भुवनेश्वरला इंडियन ऑइलचे पाठबळ आहे. जालन्यात पोलाद आणि बियाणे हे मोठे उद्योग आहेत; त्यांतील पोलादाशी इथल्या विषयांचा संबंध थोडाच, बियाणे आणि शेतमालप्रक्रिया यांच्याशी मात्र तो सरळ आहे.