मोफत अँटीव्हायरस: गरज कुठून आली, आज किती उरली

नवा लॅपटॉप सुरू केला की आधी अँटीव्हायरस टाकायचा, ही सवय ज्या काळात लागली त्या काळात ती अगदी योग्य होती. 2001 मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत व्हायरस शोधणारं काहीच नव्हतं. फायरवॉल (नेटवर्कवरून येणारी नको ती जोडणी अडवणारी सोय) होती, पण 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 पर्यंत ती आपोआप चालू नसायची. ऑगस्ट 2003 मध्ये पसरलेल्या ब्लास्टर वर्मला (स्वतःहून एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरणाऱ्या प्रोग्रॅमला) तर कुणी फाइल उघडण्याचीही गरज नव्हती. मशीन नुसतं इंटरनेटला जोडलेलं असलं तरी पुरे. 1986 चा ब्रेन हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून (मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागातून) हातोहात फिरायचा, त्या मानाने हा वेग भयंकर होता.

ही पोकळी मोफत अँटीव्हायरसनी भरली. प्रागच्या अवास्टने 2001 पासून घरगुती वापरासाठी आपलं उत्पादन फुकट दिलं, एव्हीजीनेही तोच मार्ग धरला. यात कंपन्यांचाही फायदा होता. लाखो घरांतल्या संगणकांवरून नव्या व्हायरसचे नमुने लवकर मिळत, आणि पैसे कार्यालयांच्या परवान्यांतून व सशुल्क आवृत्तीतून येत.

मायक्रोसॉफ्ट या कामात उशिरा उतरली. 2006 चा विंडोज डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती गोळा करणारे प्रोग्रॅम, पकडायचा. त्याच वर्षीचं वनकेअर हे मायक्रोसॉफ्टचं अँटीव्हायरस पॅकेज विकत घ्यावं लागे. 2009 मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट मिळू लागलं, पण ते वेगळं डाउनलोड करावं लागे. पूर्ण अँटीव्हायरस विंडोजमध्येच आला तो 2012 च्या विंडोज 8 पासून. त्या सुमारास अँटीव्हायरस तपासणाऱ्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत मायक्रोसॉफ्टचे गुण कमी होते, त्यामुळे ‘डिफेंडरवर विसंबू नका’ हा सल्ला तेव्हा बरोबर होता. 2019 मध्ये त्याच संस्थेने डिफेंडरला 18 पैकी 18 गुण दिले, सल्ला मात्र जुनाच फिरत राहिला.

दरम्यान फुकटची किंमतही उघड झाली. अवास्ट आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकत होती. जानेवारी 2020 मध्ये जम्पशॉट बंद झाली. 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. उघडणारी प्रत्येक फाइल आणि बऱ्याचदा वेबचा सगळा प्रवाह अँटीव्हायरसच्या नजरेखालून जातो. एचटीटीपीएस, म्हणजे वेबचा सांकेतिक प्रवाह, तपासण्यासाठी काही अँटीव्हायरस स्वतःचं रूट सर्टिफिकेटही (ब्राउझरने ज्यावर विश्वास ठेवावा असं प्रमाणपत्र) बसवतात. एवढा अधिकार कुणाला द्यायचा, हा प्रश्न व्हायरस पकडण्याच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा आहे.

म्हणून विंडोज 11 च्या लॅपटॉपवर आमच्या मते वेगळा मोफत अँटीव्हायरस लागत नाही. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘विंडोज सिक्युरिटी’, मग ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा. रिअल-टाइम प्रोटेक्शन (फाइल उघडतानाच तपासणारं) आणि टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंग्ज परस्पर बदलू न देणारं) चालू हवं. तिथे दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसलं तर डिफेंडर बाजूला झालेला आहे. बहुतेक वेळा लॅपटॉपसोबत आलेली चाचणी आवृत्ती याला कारण असते. ती अनइन्स्टॉल करा, काही उरलं तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा आणि रीस्टार्ट करा. डिफेंडर आपोआप परत चालू होतो. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी रिअल-टाइम चालवू नका. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना अडवून तपासतात, त्यामुळे मशीन रखडतं आणि कधी कधी एकाच्या फाइल दुसऱ्याला संशयास्पद वाटतात.

रॅन्समवेअर म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम. त्याच पानावर रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ असतं. ते अनोळखी प्रोग्रॅमना डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधल्या फाइल बदलू देत नाही. ते मुळात बंद असतं. चालू केल्यावर एखादा ओळखीचा प्रोग्रॅम डॉक्युमेंट्समध्ये फाइल साठवू शकला नाही, तर त्याला तिथूनच परवानगी द्या.

एक्सपीच्या काळातली खरी पोकळी आज वेगळ्या जागी आहे. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने मे 2017 मध्ये विंडोजमधली जी फट वापरली तिचा पॅच (ती बुजवणारं अपडेट) तेव्हा चालू असलेल्या विंडोज आवृत्त्यांसाठी मार्चमध्येच आला होता. तो न बसवलेली मशीन त्यात सापडली. विंडोज 10 ची नियमित मदत, म्हणजे फुकट मिळणारी सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. अशा लॅपटॉपवर कितीही चांगला अँटीव्हायरस टाकला तरी विंडोजमधली फट बुजत नाही. तिथे आधी विंडोज 11 चालतं का ते पाहा, नाहीतर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा.