ईशस्तवन, स्वागतगीत आणि पेटीवरचे सर : सीमाभागातील संगीत शिक्षकाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या कोणत्याही मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका उघडली, की पहिल्या दोन ओळी ठरलेल्या असतात : ईशस्तवन आणि स्वागतगीत. दहा-पंधरा मुले-मुली रांगेत उभी राहतात, एका बाजूला सर किंवा बाई पेटी घेऊन बसतात आणि सूत्रसंचालक कवीचे नाव सांगून मोकळा होतो. चाल कोणाची, हे सहसा कोणी सांगत नाही, कारण ती पेटीवर बसलेल्या सरांचीच असते. मुलांना गाणे शिकवणे, गीताला चाल लावणे आणि सगळ्यांना एका सुरात गायला लावणे ही तीन वेगवेगळी कामे, पण आपल्याकडे ती एकाच माणसाच्या गळ्यात पडतात आणि निवृत्तीच्या सत्कारात त्यांची नोंद ‘संगीत शिक्षक’ एवढ्या दोन शब्दांत होते. तिन्ही कामे एका ठिकाणी कशी आली, याची मुळे याच भागाच्या गेल्या दीडशे वर्षांत सापडतात.

त्यातले सर्वांत जुने मूळ रंगभूमीचे आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला, आणि नाटक कंपनी काढण्यापूर्वी त्यांनी बेळगावात शिक्षकाचीही नोकरी केली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा पडदा उघडताच नटमंडळींनी एकत्र नांदी, म्हणजे नाटकाआधीचे स्तवनगीत, म्हटली. साकी आणि दिंडी हे जुने गेय छंद, कीर्तनातली वळणे, लावणीचा ठसका आणि कानडी पदांच्या चाली असा सगळा ऐवज त्या नाटकाच्या पदांत एकत्र आला. कानडी मुलखाच्या कडेला वाढलेल्या माणसालाच हे इतक्या सहज सुचावे, असे मला नेहमी वाटते. आजचे ईशस्तवन या नांदीचेच धाकटे भावंड आहे. समूहाने, पेटीच्या साथीने, मुख्य कार्यक्रमाआधी आणि सगळ्यांनी एकाच सुरात गायचे, हा त्याचा साचा तिथूनच आलेला दिसतो.

दुसरे मूळ वर्गातल्या शिकवणीचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी या पट्ट्यात आणली, पण त्यांच्याकडचे शिक्षण गुरुगृहातले होते. शिष्याने घरात राहावे, सेवा करावी आणि कानावर पडेल ते उचलावे, अशी ती रीत होती. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर हे कुरुंदवाडचे, आणि त्यांची तालीम मिरजेची. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे घरातून वर्गात नेले. फळा, स्वरलिपी, छापील क्रमिक पुस्तके, ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा या साऱ्या गोष्टी त्यामागोमाग आल्या. वीस मुलांना एकदम शिकवायचे, तर ती वीस मुले एकदम गायलाही हवीत. समूहगायनाची सवय अशी अभ्यासाच्या गरजेतूनही लागली. याच काळात भास्करबुवा बखले यांच्यासारखा पहिल्या पंक्तीचा गवई धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिक्षक होता. पुढे १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना त्यांनीच चाली दिल्या. शाळामास्तर आणि संगीतकार यांच्यात आज जे अंतर मानले जाते, ते त्या पिढीत नव्हते.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. त्यात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये धारवाडची अकरा वर्षांची गंगूबाई हनगल होती, आणि हुयिलगोळ नारायणराव यांचे कन्नड एकीकरणाचे गीतही याच मंडपात गायले गेले. सभेआधी मुलींनी स्वागतगीत म्हणावे, या प्रथेला त्या अधिवेशनाने या भागात मोठीच प्रतिष्ठा दिली असणार. योगायोग असा, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला होता.

यानंतर पेटीविषयी थोडे सांगायला हवे, कारण या शिक्षकाची खरी ओळख तीच आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती सैल केली नाही. श्रुती (दोन स्वरांमधले सूक्ष्म स्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) पेटीत येत नाहीत, हा आक्षेप खोटा नव्हता. पण बेळगावात त्या तीस वर्षांतही पेटी घरोघर आणि शाळाशाळांत वाजतच राहिली. कागवाडला १९१७ मध्ये जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे मोठमोठ्या गायकांना साथ करत होते आणि त्याच हातांनी बेळगावातल्या आपल्या श्रीराम संगीत विद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवत होते. २०१० मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शाळेतल्या सरांना चाल स्वतः का बांधावी लागते, याचे उत्तरही पेटीच्या पट्ट्यांवरच आहे. ज्या पट्टीला षड्ज धरायचा, तिच्या रंगावरून आणि क्रमावरून गाण्याची उंची सांगतात. मुलींचा गळा पांढरी पाच किंवा काळी चार अशा उंच पट्टीत खुलतो. आठवी-नववीतल्या मुलांचा आवाज नुकताच फुटलेला असतो, आणि त्यांना ती पट्टी वर झेपत नाही, खाली पुरत नाही. त्याहून खालची काळी एक धरावी, तर मुले सुखात गातात आणि मुलींचा आवाज खर्जात विरून जातो. मग सर मधली एखादी पट्टी धरतात आणि चालच अशी बेततात, की ती मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवताच्या खाली उतरत नाही आणि तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जावर क्षणभर टेकून लगेच परत फिरते. तयार भावगीत अशा समूहाला सहसा बसत नाही. त्यामुळे कवितेला नवी चाल लावणे ही सरांची हौस असली, तरी आधी ती गरज असते.

याच भागात समूहगायनाचा आणखी एक प्रवाह आहे, चर्चमधला; पण तो याहून वेगळा. लंडन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले. पाश्चात्त्य धाटणीच्या कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, चार थरांचे आवाज एकमेकांवर रचले जातात आणि समोर उभा असलेला दिग्दर्शक फक्त हाताने खुणा करतो. मराठी ख्रिस्ती उपासनेत मात्र ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदे आणि अभंग पेटी-तबल्यावर, भजनाच्याच अंगाने म्हटले जातात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. भाषेच्या प्रश्नावर पुढे जे घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. संगीत शिक्षकाच्या वाट्याला त्यातून दुहेरी काम आले. एका विद्यार्थिनीला तो गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका-मध्यमा-विशारद या परीक्षांसाठी तयार करतो, तर दुसरीला कर्नाटक सरकारच्या ज्युनिअर, सीनिअर आणि विद्वत परीक्षांसाठी. राग तोच, पण प्रश्नपत्रिका निराळी. २००४ पासून कन्नड कवी कुवेंपू यांचे गीत कर्नाटकाचे अधिकृत नाडगीत (राज्यगीत) आहे आणि ते मराठी माध्यमाच्या शाळांतही म्हटले जाते. ते बसवून घेण्याचे कामही याच सरांचे. कन्नडमधले ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ नेहमीच्या देवनागरीत नीट लिहिता येत नाहीत, म्हणून सर ती ओळ आधी नुसती बोलून घेतात, मग टाळीवर म्हणून घेतात आणि सगळ्यात शेवटी पेटीचा भाता उघडतात.