मेंदू उजळला, की रक्तवाहिन्या रुंदावल्या?

'अमुक औषधाने मेंदूचा तमुक भाग उजळला' असा मथळा आणि खाली लाल-पिवळे ठिपके असलेलं मेंदूचं चित्र. अशी बातमी दिसली की मी आधी एकच शोधतो: औषध घेतल्यावर माणसाच्या श्वासाचं काय झालं, ते मोजलंय का? बातमीत बहुधा त्याचा पत्ताच नसतो.

ही चित्रं काढणाऱ्या एफएमआरआय यंत्राला चेतापेशी दिसत नाहीत, रक्त दिसतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, ऑक्सिजन धरलेलं ओढलं जात नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. ऑक्सिजन गमावलेलं हिमोग्लोबिन जिथे जास्त, तिथलं चुंबकक्षेत्र थोडं विस्कटतं आणि सिग्नल मंदावतो. 1990 मध्ये बेल लॅब्जमधल्या सेइजी ओगावांनी नेमका हाच गुण हेरला. चेतापेशी कामाला लागल्या की ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, त्यापाठोपाठ नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं तयार होतात, जवळच्या धमनिका (बारीक रक्तवाहिन्या) सैलावतात आणि रक्त येतं ते गरजेपेक्षा बरंच जास्त. ऑक्सिजन वापरूनही उरतो, आधीचं ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन वाहून जातं, सिग्नल वाढतो. वाढ तरी केवढी? बहुतेक वेळा टक्का-दोन टक्के.

म्हणजे आपण टँकर मोजून गावाची तहान ठरवतोय. रस्ता रुंद केला म्हणून टँकर वाढले, तर तहान वाढली असं कसं म्हणायचं?

औषधं नेमका हा रस्ता बदलतात. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदूतल्या धमनिका रुंदावतात. त्याचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला, तरी मेंदूचा रक्तप्रवाह साधारण 3-4 टक्क्यांनी वाढतो. कॉफीचं उलट: कॅफीन वाहिन्या सैलावणाऱ्या ॲडेनोसिनला अडवतं, वाहिन्या आकसतात, प्रवाह घटतो. (कुंभक लावून स्कॅनरमध्ये पडून राहिलात, तर मेंदूचा जवळजवळ सगळा करडा भाग उजळेल. ते कुंडलिनी जागृत झाल्याचं प्रमाणपत्र नव्हे!) शिवाय आधीच रुंदावलेल्या वाहिनीला आणखी रुंदावायला फारशी जागा उरत नाही. चेतापेशी पूर्वीइतक्याच राबत असल्या तरी सिग्नलची उसळी छोटी दिसते, आणि औषधाने मेंदू 'शांत झाला' असा निष्कर्ष छापून येतो.

यावर उपाय आहेत. श्वासातला कार्बन डायऑक्साइड कृत्रिमरीत्या स्थिर ठेवायचा. चकाकणारा चौकटींचा पट दाखवून दृष्टीच्या भागाचा प्रतिसाद तपासायचा. औषधाचा ज्या भागाशी संबंध नाही तोही बदलला, तर संशय रक्तवाहिन्यांवर. सोबत ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून काढलेला आलेख, घ्यायचा, कारण तो थेट मेंदूतल्या विजेचे बदल टिपतो.

मला सर्वांत आवडते ती जुळ्या औषधाची युक्ती. ॲट्रोपिन आणि ग्लायकोपायरोलेट दोन्ही हृदयाचे ठोके वाढवतात, तोंड कोरडं करतात. पण ॲट्रोपिन मेंदूत शिरतं, तर ग्लायकोपायरोलेटच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असल्याने रक्त आणि मेंदूमधला अडसर त्याला सहसा ओलांडता येत नाही. दोघांची चित्रं वजा केली की जे उरेल ते मेंदूतल्या परिणामाचं, असा हिशेब.

हिशेब चोख वाटतो, पण आयसोप्रोटेरेनॉल तो बिघडवतं. हे औषध मेंदूत फारसं शिरत नाही, फक्त छातीत धडधड वाढवतं. तरीही इन्सुला हा मेंदूचा भाग सक्रिय होतो, कारण धडधडीची खबर चेतातंतूंवाटे तिथे पोचते. हा सिग्नल शरीराच्या खात्यात टाकायचा की मेंदूच्या?