ज्युरी ड्युटीचे पैसे कंपनीला द्यावेच लागतात?
अमेरिकेतल्या आपल्या लोकांत कित्येक वर्षं हेच ऐकतेय की ज्युरी ड्युटीचं (कोर्टात खटल्याचा निवाडा करायला सामान्य नागरिकांना बोलावतात, त्याचं) पत्र आलं की कंपनीला त्या दिवसांचा पगार द्यावाच लागतो. नाही हो, फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्यात असं नाहीये! मॅसॅच्युसेट्ससारख्या काही राज्यांत पहिले 3 दिवस नेहमीचा पगार द्यायचा असतो, बऱ्याच ठिकाणी मात्र ते कंपनीच्या पॉलिसीवर. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या सॅलरीवाल्यानं त्या आठवड्यात थोडंही काम केलं असेल तर ज्युरीसाठी पगार कापता येत नाही, ज्युरीच्या कामाचे कोर्टाकडून मिळालेले पैसे तेवढे वजा करता येतात. आणि फेडरल कोर्टाच्या ज्युरीवर गेला म्हणून पर्मनंट माणसाला काढणं, नुसतं धमकावणंसुद्धा बेकायदा आहे, दंड 5,000 डॉलरपर्यंत, हे कुणी सांगतच नाही!